होळी ते पाडवा: सगळ्या घराला सोबत घेऊन करायची साफसफाई

नागपुरातल्या घराला वर्षातून दोनदा मोठी झाडझूड लागते. दिवाळीची सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरी आपल्याकडच्या उन्हाने ठरवून दिली आहे: होळीच्या पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंतचा पंधरवडा. धुळवडीने अंगण आणि जिन्याच्या भिंती रंगलेल्या असतात. कडुनिंबाची पानगळ दारात साचत असते. रजया, ब्लँकेटं, स्वेटर आत जायचे असतात आणि कूलर बाहेर यायचा असतो. पुढे वर्षाचा गहू आणि तुरीची डाळ भरायची, त्यासाठी कोठ्या रिकाम्या आणि कोरड्या हव्यात. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात 45 च्या आसपास जातो. तेव्हा दुपारी पंख्याखालून उठवत नाही, सज्जा, म्हणजे सामानाचा माळा, कोण उपसणार? जे करायचं ते पाडव्याच्या आत.

हे लिहिताना दोन प्रकारची घरं माझ्या डोळ्यापुढे आहेत. एक, मिहान किंवा बुटीबोरीच्या नोकरीसाठी नुकतंच नागपुरात आलेलं, बेसा किंवा मनीषनगरात फ्लॅट घेतलेलं घर, ज्याचा इथला हा पहिलाच उन्हाळा आहे. दुसरं, जिथे आजवर ही साफसफाई एकट्या आईने केली, बाकीच्यांनी पाय वर घेऊन पोछा लावू दिला, आणि आता सगळ्यांनी मिळून करायची आहे पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. दोघांनाही मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. गाणी लावून आणि खाऊ आणून साफसफाईत खरी मजा येत नाही, आली तरी थोडाच वेळ टिकते आणि मग पोरं मोबाइल घेऊन बसतात. मजा येते ती घरातल्या प्रत्येकाला स्वतःचा एक कोपरा मिळाला आणि त्या कोपऱ्यात त्याचा शब्द चालला की. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून तिथूनच सुरू करू.

पहिली पायरी: धुळवडीच्या संध्याकाळी घराची वाटणी

धुळवडीची आंघोळ झाली, जेवण झालं, सगळे घरात आहेत, ही वेळ उत्तम. एक कागद घ्या आणि सगळ्यांनी मिळून घरभर फिरा. प्रत्येक खोलीत नुसतं बघायचं आणि लिहायचं: सज्जा, पंखे, दिवाण, चपलांचा रॅक, देवघर, मसाल्याचे डबे, औषधांचा ड्रॉवर, गॅलरीतल्या कुंड्या, कूलर. कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. मग एकेकाने आपला कोपरा निवडायचा.

निवडायचा, नेमून द्यायचा नाही. सहा वर्षांचा मुलगा चपलांचा रॅक मागेल, कारण जोड्या लावणं त्याला खेळ वाटतो. नववीतली मुलगी बहुधा वायरी, चार्जर, जुने मोबाइल यांचा गुंता मागेल. द्या, ते काम तिच्याइतकं चांगलं घरात कोणालाच येत नाही. आजोबांना कागदपत्रं द्या: वीजबिलं, वॉरंटी कार्डं, बँकेची जुनी पासबुकं, घरपट्टीच्या पावत्या. खुर्चीत बसून करायचं काम आहे आणि कुठला कागद ठेवावा लागतो हे त्यांनाच नीट माहीत असतं. आजीला देवघर किंवा जुन्या साड्यांची पेटी. स्वयंपाकघर मात्र एकट्या आईच्या नावावर लिहू नका. ते तीन तुकड्यांत वाटा आणि त्यातला एक तुकडा बाबांच्या नावाने टाका. बाबांनी "मी मदत करतो" असं म्हटलं तर कागदावर पुन्हा बोट ठेवा. त्यांचा तुकडा त्यांचाच आहे, त्याची मदत दुसऱ्यांनी त्यांना करायची.

आता सगळ्यात अवघड नियम. ज्याचा कोपरा त्याचा निर्णय. काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, कशा क्रमाने लावायचं, हे तो ठरवेल. मोठ्यांनी मागून जाऊन पुन्हा लावायचं नाही. पोरगं विचारेल, "आई, हे टाकू का?" तेव्हा उत्तर एवढंच: "तुझा रॅक आहे ना, तू सांग." चपला रंगानुसार लागल्या तर लागू द्या. मुलांनी केलेलं काम मोठ्यांनी त्यांच्यादेखत सुधारलं, की पुढच्या वर्षी ती जागची हलत नाहीत. अपवाद फक्त दोन: विजेची कोणतीही वस्तू आणि औषधं. तिथे मोठं माणूस सोबत हवंच.

घरी कामाला ताई येत असतील तर त्यांच्याशी याच आठवड्यात बोला. त्यांच्या स्वतःच्या घरीही पाडवा आहे. जास्तीचं काम हवं असेल तर कोणत्या दिवशी, किती वेळ आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे आधी ठरवावं. रोजच्या कामात मोठी साफसफाई गुपचूप मिसळून टाकणं बरोबर नाही.

दुसरी पायरी: वेळ

होळी आणि पाडव्याच्या मध्ये साधारण दोन रविवार मिळतात. तेवढे पुरतात. पहिला रविवार कोरड्या कामाचा, दुसरा ओल्या कामाचा, आणि मधल्या आठवड्यात रोज संध्याकाळी अर्धा तास. सकाळी सातला सुरू करा आणि अकराला थांबा. मार्चच्या शेवटी अकरानंतर गच्चीवर पाय भाजतात, आणि दमलेलं घर भांडतं.

मुलांच्या परीक्षा पाहूनच दिवस धरा. दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा याच सुमारास असते. त्या घरात अभ्यासाची खोली सरळ सोडून द्यावी, ती नंतर करता येते. नळाची वेळही लक्षात घ्या. ओल्या कामाच्या रविवारी पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं आणि पाइप लावण्याऐवजी बकेट आणि मग वापरायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर अंगण पाइपने धुणं मला बघवत नाही.

तिसरी पायरी: सामान

बाजारातून डझनभर बाटल्या आणायची गरज नाही. भांड्याचा साबण, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर, लिंबूसत्त्व, जुने सुती कपडे, जुने टूथब्रश, रंगकामाचा एक जाड ब्रश, लांब दांड्याचा झाडू आणि तोंडाला बांधायला रुमाल. एवढ्यात घर होतं.

एक गोष्ट मात्र होळीच्या आधीच करायला हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचा संत्रा बाजारात असतो आणि घरात सालींचा ढीग पडतो. त्या फेकू नका. काचेच्या बरणीत साली दाबून भरा, त्या बुडतील एवढं व्हिनेगर ओता, झाकण लावून दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवा. मग गाळून तेवढंच पाणी मिसळा. सालीतलं तेल चिकटपणा सोडवतं, व्हिनेगर पाण्याचे पांढरे डाग काढतं, आणि घराला जो वास येतो तो कुठल्याही विकतच्या बाटलीत नाही. नळ, वॉशबेसिन, खिडकीच्या काचा, फ्रिजची आतली बाजू यांना हे उत्तम. साली भरण्याचं काम लहानांना द्या. रोज बरणी हलवून बघण्यात त्यांना फार रस असतो.

पण फरशी बघून वापरा. नागपुरातल्या जुन्या घरांत शहाबादी किंवा कोटा फरशी असते, काही घरांत संगमरवर. हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत. व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, काहीही आंबट त्यांच्यावर पडलं की चमक जाते आणि ती परत येत नाही. त्या फरशीला कोमट पाणी आणि थोडासा साबण, बस. टाइल्सना व्हिनेगरने काही होत नाही.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायची मोठी फॅशन आहे. फेस छान येतो, मुलं टाळ्या पिटतात, पण दोघं एकमेकांची ताकद संपवतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. तुंबलेल्या जाळीतला कचरा हलवायला तो फेस ठीक आहे. डाग काढायचे असतील तर आधी सोड्याने घासा, धुवा आणि मग व्हिनेगर लावा.

हे मात्र कागदावर लिहून बाथरूमच्या दारावर चिकटवा: ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर यांतूनही विषारी वायू निघतो. व्हिनेगरही ब्लीचजवळ नको. न्हाणी आणि संडास मोठ्यांनीच करावं, खिडकी उघडी ठेवून, एका वेळी एकच बाटली उघडून.

चौथी पायरी: मारबतीचा खोका

नागपुरात नव्याने आलेल्यांना सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी आणि महालच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या बाईरूपी पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे पुरुषरूपी पुतळे असतात. 1880 च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक आहे. गावातली रोगराई, संकटं, जे जे नको ते सगळं मारबतीने घेऊन जावं म्हणून लोक ओरडतात, "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!"

हीच आरोळी घरात आणा. एक मोठा खोका घ्या, मुलांकडून त्यावर मारबतीचं तोंड रंगवून घ्या. नको असलेली वस्तू सापडली की ती खोक्यात टाकायची आणि टाकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "फुटके डबे घेऊन जा गे मारबत!" "एका कानाचे हेडफोन घेऊन जा गे मारबत!" तुम्हाला वाटेल, मोठी माणसं ओरडणार नाहीत. करून बघा. सगळ्यात जोरात आजीच ओरडते. वस्तू टाकताना जो जीव अडकतो, तो ओरडल्यावर सुटतो.

शेजारी दुसरा खोका हवा, तो वाटायच्या वस्तूंचा. अंगाला न येणारे पण धड असलेले कपडे, खेळणी, गोष्टींची पुस्तकं. फाटका कपडा आणि तुटकं खेळणं इथे चालणार नाही. जे आपल्या बहिणीच्या मुलाला देताना संकोच वाटेल ते कोणालाच द्यायचं नसतं. सोसायटीत असाल तर खाली एक टेबल मांडून त्या वस्तू ठेवता येतात, ज्याला हव्या त्याने न्याव्या. एका घरची लहान झालेली सायकल दुसऱ्या घरी जाते आणि मुलं आपली सायकल दुसऱ्याला चालवताना बघतात.

आणि अडलेल्या वस्तू? आजोबांचा बंद पडलेला रेडिओ, लग्नातली न वापरलेली कपबशी. यांच्यावर भांडू नका. एका पिशवीत घालून, तारीख लिहून सज्ज्यावर ठेवा. पोळ्यापर्यंत कोणी आठवण काढली नाही तर खऱ्या मारबतीच्या दिवशी निकाल लावा. आठवणीची वस्तू वेगळी. ती ज्याची आहे त्याने ठेवतो म्हटलं की विषय संपला.

पहिला रविवार: कोरडं काम

क्रम पाळा: वरून खाली, आणि आधी कोरडं, मग ओलं. सज्जा, मग पंखे, मग कपाटं, शेवटी जमीन. धुळीवर पाणी पडलं की चिखल होतो आणि दुप्पट वेळ जातो.

सज्ज्यावर घरातला सगळ्यात धडधाकट माणूस चढेल, खाली शिडी धरायला दुसरा मोठा माणूस असेल. स्टुलावर स्टूल ठेवायचं नाही, आणि आजी-आजोबांनी चढायचंच नाही. वस्तू साखळीने उतरवा: वरचा शिडीवाल्याला देईल, तो पोरांना, पोरं हॉलमध्ये नेऊन मांडतील. या मांडामांडीला भरपूर वेळ द्या. जुने फोटो, शाळेचं प्रगतिपुस्तक, मावशीच्या लग्नातली पत्रिका निघतील आणि काम थांबेल. थांबू द्या. आजोबा सांगतील की हा फोटो अंबाझरी तलावावरचा, तेव्हा तुझे बाबा एवढेसे होते, आणि पोरं ऐकत बसतील. साफसफाईत घरातल्या सगळ्यांना एकत्र बांधणारा वेळ तोच असतो. घड्याळाकडे बघून तो तोडणाऱ्याबद्दल मला वाईट वाटतं.

पंख्यांसाठी जुनी उशीची खोळ घ्या. आधी पंख्याचा मेन बंद करा. खोळ पात्यावर सरकवा, वरून-खालून दाबून बाहेर ओढा. सगळी धूळ खोळीत राहते, पलंगावर कणही पडत नाही. मुलांना हे एकदा दाखवलं की ती सगळ्या पंख्यांची खोळ बघायला मागे मागे फिरतात. कोणाला दम्याचा त्रास असेल तर त्याला या वेळी दुसऱ्या खोलीत कागदांच्या कामाला बसवा.

रजया आणि गोधड्या गच्चीवर. सकाळी टाका, मध्ये एकदा पलटा, दुपारी आणा. ओल आणि कोंदट वास दोन्ही जातात. उलटवायची जबाबदारी मुलांची, आणि गरम गोधडीत घुसायला त्यांना मनाई करू नका. लोकरी कपडे न धुता ठेवू नका. कसर लागते ती घामाचे, खाण्याचे डाग असलेल्या लोकरीला आधी. धुवून, पूर्ण वाळवून, सावलीत सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत सुती कापडात बांधा. लहान मूल घरात असेल तर डांबराच्या गोळ्या टाळाव्या; त्या गोळीसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी असतात.

या दिवशी स्वयंपाक करायचा नाही. सकाळी चौकातल्या गाडीवरून तर्री पोहे आणा, वर कांदा आणि सांबार (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) घालून. दुपारी खिचडी किंवा आदल्या दिवशीचे गोळे असतील तर कढी-गोळे, आणि मठ्ठा. ज्या घरात साफसफाईच्या दिवशीही आईने चारी ठाव स्वयंपाक करावा अशी अपेक्षा असते, तिथे मजा फक्त बाकीच्यांची असते.

मधला आठवडा: स्वयंपाकघर, रोज थोडं

सगळं स्वयंपाकघर एका दिवशी काढलं की रात्रीच्या जेवणाचे हाल होतात. एका संध्याकाळी मसाल्याचे डबे, एका संध्याकाळी डाळी, एकदा फ्रिज, एकदा भांड्यांचा रॅक. डबे आणि झाकणं यांच्या जोड्या लावणं हे पाच-सहा वर्षांच्या मुलाचं काम. ज्या झाकणाला डबा नाही ते मारबतीला.

चिकट डब्यांवर आणि ओट्यामागच्या टाइल्सवर धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी खायच्या सोड्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. हातमोजे घाला. अ‍ॅल्युमिनियमला मात्र तो लावू नका, ते काळं पडतं. चिमणीची जाळी बरेचदा अ‍ॅल्युमिनियमचीच असते, तिला गरम पाणी आणि भांड्याचा साबण. अर्धा तास बुडवून ठेवलं की ब्रशने सहज निघतं.

धान्याच्या कोठ्या रिकाम्या करून धुवा, आणि दिवसभर उन्हात उलट्या ठेवा. नवीन गहू ओल्या कोठीत गेला की पोरकिडे झालेच समजा. डाळीला एरंडेलचा हात लावून ठेवणाऱ्या आजीला या वेळी शिकवायला बसवा, घरातल्या एकाने तरी ते तिच्याकडून शिकून घ्यावं.

दुसरा रविवार: पाणी, काचा आणि कूलर

काचा, जाळ्या, खिडकीच्या खाचा, गॅलरी, अंगण. खिडकीच्या खाचेतली माती आधी रंगाच्या ब्रशने कोरडीच काढा, मग ओला टूथब्रश फिरवा. काचा संत्र्याच्या व्हिनेगरने पुसून वर्तमानपत्राने कोरड्या करा. आत एक आणि बाहेर एक असे दोघं समोरासमोर उभे राहिले की डाग कोणाच्या बाजूला आहे यावर मस्त वाद होतो. हे तळमजल्याच्या किंवा गॅलरीतल्या खिडकीलाच. उंच मजल्यावर बाहेरून काच पुसायच्या नादी कोणी लागू नका.

पालापाचोळा जाळू नका. भोकं पाडलेल्या जुन्या ड्रममध्ये किंवा मोठ्या कुंडीत पाल्याचा एक थर, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा एक थर, वर थोडी माती, असं भरत गेलात की पावसाळ्यापर्यंत कुंड्यांना खत मिळतं.

आता कूलर. नागपूरच्या उन्हाळ्याचा मालक तोच आहे, आणि या दिवसाचं सगळ्यात मजेचं आणि सगळ्यात सांभाळून करायचं कामही तेच. बाहेरगावाहून आलेल्यांनी हा भाग नीट वाचावा.

आधी पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग एक जण हळूच आत डोकावेल. वर्षभर बंद असलेल्या कूलरमध्ये पाखरांचं घरटं, गांधीलमाशांचं पोळं, पाली, काहीही असू शकतं. घरट्यात अंडी किंवा पिल्लं दिसली तर तो कूलर थोडे आठवडे तसाच सोडा. मुलं रोज लांबून पिल्लं बघतील, ती उडाली की मग तुमचा कूलर.

जुनं गवत तोंडाला रुमाल बांधून मोठ्यांनी काढावं, त्यात धूळ आणि बुरशी असते. ताट्यांच्या चौकटी अंगणात नेऊन घासायला मुलांना द्या. टाकीच्या तळाला आणि पाइपला पाण्याचा पांढरा खार चढलेला असतो, विशेषतः बोअरिंगचं पाणी वापरत असाल तर. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून अर्धा तास ठेवा, मग घासा. वरच्या पाइपची बारीक भोकं बंद असतात. ती सुईने एकेक मोकळी करणं हे दहा वर्षांच्या मुलांचं आवडतं काम, आणि तासभर शांतपणे चालतं. पत्र्याच्या टाकीला गंज चढला असेल तर घासून, पूर्ण कोरडी करून गंजरोधक रंगाचा हात द्या. जाळीदार पॅड असतील तर ते फक्त पाण्याने धुवा. जोरात घासले की त्यांचे थर सुटतात.

टाकीच्या भिंती घासणं सगळ्यात महत्त्वाचं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला चिकटवून अंडी घालतो. ती अंडी कोरड्या टाकीत कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की उघडतात. म्हणजे गेल्या पावसाळ्याची अंडी यंदाच्या पहिल्या बकेटीची वाट बघत असतात. नुसतं पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत, ब्रशच लागतो.

नवीन गवत बसवून पाणी सोडलं की पहिलं पाणी तपकिरी उतरतं. ते काढून टाका आणि पुन्हा भरा. वाळ्याचं गवत घेतलंत तर त्या पहिल्या झुळकीचा वास घरातल्या प्रत्येकाने घ्यावा म्हणून सगळ्यांना बोलवा. पण तो चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून पिन तीन टोकांची आहे का आणि घराचं अर्थिंग नीट आहे का ते तपासून घ्या. कूलरचा शॉक दर उन्हाळ्यात लोकांचे जीव घेतो. घरातला नियम पक्का करा: पाणी भरताना कूलर बंद आणि पिन बाहेर, पायात चप्पल, ओल्या हाताने पत्र्याला स्पर्श नाही, आणि लहान मुलांनी चालू कूलरला हातच लावायचा नाही. गॅलरीत कूलर असेल तर खालच्या घरावर पाणी ठिबकत नाही ना तेही बघा. आणि समोरच्या बाजूची एक खिडकी थोडी उघडी ठेवा. सगळं बंद करून कूलर लावला की खोली नुसती दमट होते. उन्हाळा नवीन असलेली माणसं नेमकं हेच करतात आणि कूलरला नावं ठेवतात.

बाहेर काय, कुठे

ओला आणि सुका कचरा वेगळा करून महापालिकेच्या गाडीत द्या. जुन्या औषधांच्या गोळ्या, ट्यूबलाइट, सीएफएल, रंगाचे डबे, कीटकनाशकं हा घरगुती घातक कचरा. तो वेगळ्या पिशवीत, सांगून. औषधं संडासात ओतू नका. सीएफएलमध्ये पारा असतो, फुटू देऊ नका. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात "काच" लिहा, ती गाडीवरचा माणूस हाताने उचलणार आहे. रद्दी, लोखंड, पितळ कबाडीवाल्याला. ते पैसे ज्या मुलांनी वर्गवारी केली त्यांचे, हे आधीच जाहीर करा. जुने मोबाइल आणि बॅटऱ्या मात्र कबाडात नकोत, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या, आणि देण्याआधी नववीतल्या मुलीला त्यातले फोटो काढून घ्यायला सांगा.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी

आता उरतं थोडंच. गुढीचा तांब्या, देवाची उपकरणं, समया मुलांच्या पुढ्यात ठेवा आणि सोबत भिजवलेली चिंच किंवा लिंबू-मीठ द्या. काळपट तांबं हाताखाली लाल होत जातं, म्हणून हे काम मागून घेतात. लगेच धुवून कोरडं पुसायचं, नाहीतर हिरवट डाग येतात. गुढीची काठी पुसून ठेवा, तोरणाला आंब्याची पानं आणि गुढीला कडुनिंबाचा डहाळा सांगून ठेवा.

आणि धुळवडीच्या संध्याकाळचा तो वाटणीचा कागद फ्रिजवरून काढू नका. त्याखाली उन्हाळाभराचं एक काम लिहायचं आहे: दर रविवारी कूलरची टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करून पुन्हा भरायची. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवता येत नाही. पाखरांच्या पाण्याचं भांडं आणि कुंड्यांखालच्या बशाही त्याच दिवशी. पाळी लावा: एका रविवारी बाबा, पुढच्या रविवारी ताई, मग आई, मग दादा, आणि प्रत्येकासोबत एक छोटा मदतनीस. ज्याची पाळी त्याने काम झालं की कागदावर तारीख टाकायची.